खारकेचा लांबचा रस्ता

(स्मृती व्याख्यानमालेतील यंदाच्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर आयुष्यभर भूगोल शिकवत होते. मी त्यांच्या हाताखाली शिकलो. नकाशा काढताना ते फळ्यावर आधी नद्या काढायचे, मग बाजाराची गावे मांडायचे, आणि देशांच्या सीमा अगदी शेवटी, वेगळ्या रंगाच्या खडूने. कारण विचारले तर म्हणायचे, "जे आधी होते ते आधी काढावे." आजच्या विषयाला हात घालताना मला तोच क्रम पाळावासा वाटतो. विषय आहे भारत आणि पाकिस्तान यांच्यातील व्यापार, आणि काश्मीरच्या वादाच्या सावलीत गेल्या पंचाहत्तर वर्षांत त्याचे काय झाले.

सुरुवात आपल्या स्वयंपाकघरातून करतो. थंडी पडली की आपल्याकडे डिंकाचे लाडू होतात. घरात बाळंतीण असेल तर थंडीची वाटही पाहिली जात नाही. खारीक फोडायची, बी काढायची, उन्हात ठेवून कुटायची. ही खारीक वर्षानुवर्षे मुख्यतः पाकिस्तानातून, सिंधमधल्या खैरपूरच्या पट्ट्यातून येत आली. उपासाचे सैंधव यायचे ते तिकडच्याच पंजाबातल्या खेवड्याच्या खाणीतून. बाजारात आपण भाव विचारला, गाव कधी विचारले नाही.

फेब्रुवारी २०१९मध्ये पुलवामाच्या हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयातशुल्क लावले. पहलगामच्या हल्ल्यानंतर, मे २०२५मध्ये, तिथून येणारा सगळाच माल बंद झाला, मग तो थेट येवो की तिसऱ्या देशातून. पुढच्याच महिन्यात महसूल गुप्तचर संचालनालयाने न्हावा शेवा बंदरात ३९ कंटेनर पकडले. १,११५ टन माल, किंमत सुमारे ९ कोटी रुपये. कागदोपत्री माल संयुक्त अरब अमिरातीचा, प्रत्यक्षात तो कराचीहून दुबईला जाऊन, तिथे कंटेनर बदलून आला होता. त्यात खारीक होती.

कायदा मोडला होता, म्हणून कारवाई योग्यच झाली. पण नकाशाकडे पाहा. खैरपूर ते मुंबई हा रस्ता एके काळी एकाच इलाख्यातला होता. १९३६पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता. कराचीतली नारायण जगन्नाथ वैद्य ही १८५५ची शाळा आजही एका मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. त्या रस्त्यावरची खारीक आता आखात ओलांडून, खोटे नाव घेऊन, चोरासारखी येते. पिकवणाऱ्याची आणि खाणाऱ्याची गरज संपली नाही, फक्त रस्ता लांबला. त्या लांबलेल्या रस्त्यावरचा पैसा मधल्यांच्या खिशात गेला.

आता थोडे मागे जाऊ. फाळणी झाली तेव्हा जमीन वाटली गेली, सैन्य वाटले गेले, कचेरीतली कपाटेसुद्धा मोजून वाटली गेली. बाजार मात्र वाटता आला नाही. १९४८-४९ साली पाकिस्तानच्या एकूण निर्यातीपैकी निम्म्याहून अधिक माल भारतात येत होता. काश्मीरमध्ये युद्ध चालू असताना हे होत होते, हे ध्यानात घ्या. ताग पूर्व बंगालमध्ये पिकत होता, आणि तो विणणाऱ्या गिरण्या हुगळीकाठी कलकत्त्याच्या आसपास होत्या. पूर्व बंगालमध्ये तागाची एकही गिरणी नव्हती.

हा बाजार पहिल्यांदा तुटला तो बंदुकीमुळे नव्हे, चलनाच्या दरामुळे. सप्टेंबर १९४९मध्ये ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले. पाठोपाठ भारताने रुपया साडेतीस टक्क्यांनी खाली आणला. पाकिस्तानने आपला रुपया होता तिथेच ठेवला. एका रात्रीत पाकिस्तानचे शंभर रुपये म्हणजे भारताचे एकशे चव्वेचाळीस रुपये झाले. तो दर मान्य करायला भारत तयार नव्हता. व्यापार ठप्प झाला, इकडे गिरण्यांना ताग मिळेना, तिकडे कोळसा मिळेना. फेब्रुवारी १९५१मध्ये भारताने दर मान्य करून करार केला. पण दरम्यान दोन्ही बाजूंनी एक गोष्ट ठरवून टाकली होती: शेजाऱ्यावर विसंबायचे नाही. भारताने आपल्या शेतांत तागाची लागवड वाढवली. पाकिस्तानात नारायणगंजला आदमजी गिरणी उभी राहिली आणि १९५१पासून चालू झाली. एकाने केलेले काम दुसऱ्याने पुन्हा करायचे, त्यासाठी दोघांनीही गरिबीतून पैसा काढायचा. या उपखंडात विकासाचा केवढा तरी पैसा असा दुहेरी गेला आहे.

१९६५च्या युद्धाने उरलेसुरले मार्ग तोडले. रेल्वेगाड्या थांबल्या, नद्यांतून जाणाऱ्या बोटी थांबल्या. त्यातला एक रूळ मला नेहमी आठवतो. उत्तर बंगालमधील हल्दीबाडी आणि पलीकडचे चिलाहाटी यांच्यातली गाडी १९६५मध्ये बंद पडली. सहा वर्षांत पलीकडचा पाकिस्तान तिथे उरलाच नाही, बांगलादेश झाला, आणि तो आपल्या मदतीने झाला. तरी तो रूळ पुन्हा वापरात यायला १७ डिसेंबर २०२० उजाडला. पंचावन्न वर्षे! ज्या शत्रुत्वापायी रूळ तुटला ते शत्रुत्व तिथून केव्हाच निघून गेले होते, आणि तुटलेला रूळ तसाच पडून होता. बंद करायला एक हुकूम पुरतो. उघडायला दोन पिढ्या जातात, कारण तोवर तिथली माणसे, गोदामे, ओळखी, सगळेच विखुरलेले असते.

पश्चिमेकडे व्यापार सत्तरच्या दशकात पुन्हा सुरू झाला, पण तो कायमच आजारी राहिला. १९९६मध्ये भारताने पाकिस्तानला सर्वाधिक अनुकूल राष्ट्राचा दर्जा दिला. हे नाव फसवे आहे. त्याचा अर्थ एवढाच, की इतरांना जो दर लावतो तोच तुलाही लावू. पाकिस्तानने तो दर्जा भारताला कधीच दिला नाही. बरीच वर्षे मोजक्याच वस्तूंची यादी ठेवली. २०१२मध्ये यादी उलटी करून १,२०९ वस्तू सोडून बाकी सगळे खुले केले, पण वाघ्याच्या रस्त्याने मात्र फक्त १३७ वस्तू येऊ दिल्या. अफगाणिस्तानचा माल त्यांच्या भूमीवरून भारतात येई, भारताचा माल त्याच रस्त्याने परत जाऊ शकत नसे. ही पाकिस्तानची बाजू झाकून आपल्याला बोलता येणार नाही. जागतिक बँकेच्या २०१८च्या अहवालानुसार दोन देशांतला व्यापार दोन अब्ज डॉलरच्या थोडा वर होता, आणि अडथळे नसते तर तो ३७ अब्जांपर्यंत जाऊ शकला असता. २०१८-१९मध्ये आपली निर्यात सुमारे दोन अब्ज डॉलर आणि आयात अर्ध्या अब्जाच्या आत होती. म्हणजे त्या व्यापारात वरचढ आपण होतो.

आकडे बाजूला ठेवून आता अटारीला या. अमृतसरपासून अठ्ठावीस किलोमीटर. २००७पर्यंत इथे मालाच्या गाड्या सीमा ओलांडत नसत. हमाल डोक्यावर पोते घेऊन शून्य रेषेपर्यंत जात. तिथे पलीकडचा हमाल समोर येऊन उभा राही, आणि पोते एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जाई. पाय आपापल्या देशात, ओझे दोघांचे. नंतर ट्रक सुरू झाले, आणि १३ एप्रिल २०१२ला, बैसाखीच्या दिवशी, सुमारे १२० एकरांवरचा नवा तपासणी नाका उघडला. चौदाशेच्या वर हमाल तिथे काम करत. त्यांच्याभोवती ट्रकवाले, कस्टमचे दलाल, ढाबेवाले, टायर दुरुस्त करणारे. सिमेंट, जिप्सम, खारीक आत यायची. टोमॅटो, भाजीपाला, सूत, रसायने बाहेर जायची. २०१९मध्ये आधी २०० टक्के शुल्क आले, मग ऑगस्टमध्ये, कलम ३७० रद्द झाल्यावर, पाकिस्तानने स्वतःहून व्यापार थांबवला. गावाचा बहुतेक धंदा गेला. कारखाना बंद पडला तर निदान भरपाईसाठी भांडता येते, परराष्ट्र धोरण बदलले तर कुणाच्या दारात जायचे? सीमेवरच्या माणसाला त्याचे उत्तर कुणी दिले नाही.

हा चंचलपणा एका बाजूचा नाही, हे दाखवणारी दोन उदाहरणे आपल्या मातीशी जोडलेली आहेत. २०१०च्या शेवटी नाशिक पट्ट्यात अवकाळी पाऊस झाला, लासलगावचा कांदा सडला, दिल्लीत भाव भडकला. तेव्हा वाघ्यावरून पाकिस्तानी कांद्याचे ट्रक आले. जानेवारी २०११मध्ये पाकिस्तानने एकाएकी जमिनीवरून होणारी ती निर्यात थांबवली, आणि चिडलेल्या अमृतसरच्या व्यापाऱ्यांनी टोमॅटो अडवले. दुसरे उदाहरण ३१ मार्च २०२१चे. नियंत्रण रेषेवरची शस्त्रसंधी महिनाभरापूर्वीच नव्याने मान्य झाली होती. पाकिस्तानच्या आर्थिक समितीने भारतातून साखर आणि कापूस आणायला मंजुरी दिली. आपल्या ऊस आणि कापूस पट्ट्यात ती बातमी वाचली गेली. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मंत्रिमंडळाने ती मंजुरी फेटाळली. तिथे सूतगिरण्यांना कापूस हवा होता, रमजान तोंडावर असताना लोकांना स्वस्त साखर हवी होती. तरीही नाही.

आता सर्वात कठीण प्रश्नाकडे येतो. तुम्ही मनात म्हणत असाल, की कराचीहून निघालेल्या दहा जणांनी २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात आपल्या मुंबईत १६६ माणसे मारली, त्यासाठी 'कुबेर' ही मच्छीमारांची बोट पळवली, तिच्या तांडेलाला मारले, आणि तुम्ही खारकेबद्दल बोलता? हा प्रश्न रास्त आहे. त्याला वळसा घालणारा माणूस या व्यासपीठावर उभा राहण्याच्या लायकीचा नाही. व्यापार वाढला की दहशतवाद थांबतो, असे मी म्हणणार नाही. तसे झालेले नाही. मी एवढेच विचारतो, व्यापार थांबवला की दहशतवाद थांबतो, हे तरी कुठे दिसले? २०१९मध्ये भारताकडे येणारा माल पाकिस्तानच्या एकूण निर्यातीच्या दोन टक्क्यांच्या आसपास होता. इतक्या बारीक दोरीने रावळपिंडीतले सेनापती ओढले जात नाहीत. दोरी जाड असती तर ओढता आली असती, आणि जाड व्हायला ती आधी विणावी लागते.

दुसऱ्या शेजाऱ्याकडेही पाहा. जून २०२०मध्ये गलवानला चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले वीस जवान धारातीर्थी पडले. तोही लडाखच्या वादग्रस्त सीमेवरचाच रक्तपात. आपण चिनी अॅपवर बंदी घातली, गुंतवणुकीला चाळणी लावली. माल मात्र येतच राहिला. २०२३-२४मध्ये चीनशी आपला व्यापार ११८ अब्ज डॉलरवर गेला. कारण औषधांचा कच्चा माल, यंत्रांचे सुटे भाग, मोबाइलचे घटक थांबवले असते तर आपलेच कारखाने थांबले असते. यातून एक कडू सत्य निघते: जिथे तोडणे देशाला स्वस्त पडते तिथे आपण तोडतो. पण देशाला स्वस्त पडले म्हणजे अटारीलाही स्वस्त पडले, असे होत नाही. दिल्लीच्या हिशेबात जो आकडा किरकोळ, तो त्या चौदाशे हमालांचा सगळा संसार.

काश्मीरमध्येच झालेल्या एका प्रयोगाची आठवण इथे द्यायला हवी. २१ ऑक्टोबर २००८ला नियंत्रण रेषेवर उरीजवळच्या सलामाबादला आणि पूंछच्या चकां-दा-बागला मालाची ये-जा सुरू झाली. एकवीस प्रकारच्या वस्तू, शुल्क शून्य, आणि पैसा अजिबात नाही. जेवढ्याचे सफरचंद गेले तेवढ्याचेच काहीतरी परत यायचे. बँक नव्हती, पलीकडच्या व्यापाऱ्याला साधा फोन करायचीही सोय नव्हती. गावकीतला बलुत्याचा व्यवहार दोन सैन्यांच्या मधोमध चालावा तसे ते होते. पाचच आठवड्यांत मुंबईवर हल्ला झाला, तरी हा व्यवहार थांबवला गेला नाही, दहा वर्षे चालला. एप्रिल २०१९मध्ये भारताने तो स्थगित केला. शस्त्रे, अमली पदार्थ आणि खोट्या नोटा या वाटेने येतात, असे कारण दिले गेले. कॅलिफोर्नियाचे बदाम काश्मीरचे म्हणून शुल्क न भरता आत येत असल्याचीही चौकशी झाली. तक्रारी खोट्या नसतील. ज्या व्यवहाराला बँक नाही, पक्की नोंद नाही, तिथे चोर शिरणारच. मात्र चोर शिरला म्हणून दाराला कुलूप बसवतात, भिंत बांधून दारच बुजवून टाकत नाहीत.

मग या दोन देशांत टिकले काय? याचा मी बरीच वर्षे शोध घेतला, आणि उत्तर साधे निघाले. जे मैत्रीच्या नावाने सुरू झाले ते मैत्री आटताच संपले. फेब्रुवारी १९९९च्या लाहोर बसयात्रेनंतर तीन महिन्यांत कारगिल झाले. जे तारखेने, नोंदवहीने आणि नेमलेल्या अधिकाऱ्याने बांधले ते टिकले. ३१ डिसेंबर १९८८ला राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या काळात करार झाला, की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही आणि दर १ जानेवारीला त्यांची यादी परस्परांना द्यायची. १९९२पासून ती दिली जाते. कारगिल झाले, संसदेवर हल्ला झाला, बालाकोट झाले. १ जानेवारी २०२५ला सलग चौतिसाव्यांदा यादी दिली गेली.

सिंधू जलकरार याच जातीचा. १९ सप्टेंबर १९६०ला कराचीत पंडित नेहरू आणि अयूब खान यांनी सह्या केल्या. रावी, बियास, सतलज आपल्या; सिंधू, झेलम, चिनाब त्यांच्या. पलीकडे नवे कालवे बांधण्यासाठी भारताने सहा कोटी वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम दहा हप्त्यांत द्यायची, आणि १९६५च्या युद्धातही ते हप्ते चुकले नाहीत. दोन्हीकडे एकेक आयुक्त, वर्षातून एकदा बैठक, एकमेकांच्या धरणांची पाहणी. तीन युद्धे त्यावरून गेली. अखेर २३ एप्रिल २०२५ला, पहलगामच्या दुसऱ्या दिवशी, भारताने तो स्थगित ठेवला. पाकिस्तान सीमेपलीकडच्या दहशतवादाचा पाठिंबा विश्वासार्हपणे आणि कायमचा सोडेपर्यंत, अशी अट घातली. करार जुना झाला होता आणि त्यात बदल हवेत, असे भारत २०२३पासून लेखी सांगत होता. स्थगितीमागचा संताप मला समजतो, तो माझाही आहे. पण अट पुरी झाली हे मोजणार कोण, कशावरून आणि कोणत्या तारखेला, हे ठरलेले नाही. ठरले नाही, तर हल्दीबाडीचा रूळ डोळ्यांपुढे येतो.

म्हणून माझे म्हणणे एका वाक्यात सांगतो. व्यापार, पाणी आणि माणसांची ये-जा ही शेजाऱ्याला द्यायची बक्षिसे नाहीत. ती नियमाने चालणारी व्यवस्था आहे, आणि ती बंद करण्यालाही नियम हवा. दार लावणाऱ्या हुकमातच लिहिलेले असावे, की ते कशावर उघडेल आणि फेरविचार कोणत्या तारखेला होईल. ज्यांचे पोट त्या दारावर आहे त्यांच्यासाठी त्याच हुकमात तरतूद असावी. वाटेत अडकलेल्या मालाला आणि औषधांना वाट असावी. हे अशक्य नाही. ऑगस्ट २०१९मध्ये व्यापार थांबवणाऱ्या पाकिस्तानने पुढच्याच महिन्यात भारतीय औषधांना मोकळीक दिली. मे २०२५मध्ये, दोन देशांतल्या लढाईच्या तोफा थांबून आठवडा होत असताना, भारताने अडकलेल्या १६० अफगाणी ट्रकांना अटारीतून आत घेतले. तेव्हा सुचले म्हणून केले. ते आधीच लिहून ठेवायला काय हरकत आहे?

शेवटी पुन्हा आपल्या किनाऱ्यावर येतो. कच्छ आणि सिंध यांच्यामध्ये सर क्रीक ही ९६ किलोमीटरची खाडी आहे. सीमा खाडीच्या मध्यातून की पूर्व काठावरून, हा वाद मुंबई सरकारच्या १९१४च्या एका ठरावाच्या अर्थावरून चालला आहे. तिथे रेषा ठरत नाही, म्हणून समुद्रातली हद्दही ठरत नाही. पालघर, डहाणूकडचे खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात, मासळीमागे पुढे सरकतात, आणि पकडले जातात. मग घरची बाई महिनोन्महिने यादीत नाव शोधते. ही यादीही तारखेची आहे: २००८च्या करारानुसार दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांची नावे एकमेकांना देतात. मे २०२५मध्ये क्षेपणास्त्रे उडाली. अटारी बंद, विमाने बंद, टपाल बंद. तरी १ जुलै २०२५ला यादी आली. पाकिस्तानच्या यादीत १९३ मच्छीमार होते, आपल्या यादीत ८१. त्या कागदाला कुणी मैत्री म्हणत नाही. पण त्या कागदामुळे झाई-डहाणूच्या एखाद्या घराला कळते, की आपला माणूस जिवंत आहे.

श्रोतेहो, रागाच्या भरात दार लावायचा हक्क देशाला आहे, आणि कधीकधी ते लावावेही लागते. ते कशावर उघडेल हे लिहून ठेवणे, हे सरकारचे काम आहे. ते लिहिले आहे का, हे पुढच्या वेळी विचारणे आपले काम आहे. तेवढे विचारा.